पाळी गेल्यावरची साखर आणि सोयाची गोळी

पाळी जाण्याच्या काळात पोटाचा घेर का वाढतो, यावर मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत सोया किंवा जवस होतंच, म्हणून या वेळी तोच विषय घेते. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि ओळख पटेल असा मजकूर काढला आहे.

प्रश्न: डॉक्टर, मी ५३ वर्षांची. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. वजन पूर्वीइतकंच, ६३ किलो. पण कंबर ७८ सेंटीमीटरवरून ८६ झाली. परवा तपासणी केली तर उपाशीपोटीची साखर १०९, ट्रायग्लिसराइड १७८, एचडीएल ४६. बीपी १२६/८० आहे. नणंदेने सोया आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. ती म्हणते, हे वनस्पतीतलं इस्ट्रोजेन आहे, नैसर्गिक आहे, यानेच सगळं ताळ्यावर येईल. घेऊ का?

उत्तर: गोळीचं नंतर बघू, आधी तुमचे आकडे. चयापचय बिघडलंय का हे ठरवताना आम्ही पाच गोष्टी पाहतो. कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी (दक्षिण आशियाई आणि युरोपीय बायकांसाठी हाच आकडा धरतात), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० च्या आत, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) किमान ५०, बीपी १३०/८५ च्या खाली आणि उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली. यातल्या तीन बिघडल्या की त्याला मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमच्या चार बिघडल्या आहेत. वजन हललेलं नाही म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नसणार, तुमच्याही नाही. तुम्ही टेप लावून कंबर मोजली, हे फार चांगलं केलंत.

वजन तेच आणि घेर जास्त, हे कसं? बीजकोशांतून येणारं एस्ट्राडायॉल, म्हणजे आपलं मुख्य इस्ट्रोजेन, आटलं की चरबी साठण्याची जागा बदलते. जी मांड्या-नितंबांवर बसायची, ती आतड्यांभोवती आणि यकृतात जमायला लागते. त्याच वेळी स्नायू कमी होतात, म्हणून काटा जागचा हलत नाही. पोटातली ही चरबी मेदाम्लं थेट यकृताकडे सोडते, यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि साखर व ट्रायग्लिसराइड दोन्ही चढतात. शिवाय रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेणारे जे रिसेप्टर (पकडून घेणाऱ्या जागा) यकृताच्या पेशींवर असतात, ते इस्ट्रोजेनमुळे जास्त असतात. इस्ट्रोजेन गेलं की तेही घटतात. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात दिसलं, की शेवटच्या पाळीच्या आसपासच्या साधारण वर्षभरातच एलडीएलची मोठी उडी पडते. म्हणजे ‘वय झालं’ एवढं म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. या एका वर्षात शरीरात ठोस काहीतरी बदलतं, आणि नेमकं त्याच वर्षी आपण तपासणी करत नाही. याची मला खरोखर खंत वाटते.

आता गोळी. वनस्पतींतल्या इस्ट्रोजेनची ताकद जगाला कळली ती मेंढ्यांमुळे. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर या चाऱ्याच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. क्लोव्हरमधल्या फॉर्मोनोनेटिनपासून त्यांच्या पोटातले जिवाणू इक्वॉल नावाचा पदार्थ बनवत होते, आणि तो इस्ट्रोजेनसारखा वागत होता. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ असं कुणी म्हटलं की मी ही गोष्ट सांगते. जे काम करू शकतं, ते नको ते कामही करू शकतं.

माणसाचं प्रकरण मात्र मेंढीइतकं सरळ नाही. आपल्या पेशींत इस्ट्रोजेनचे दोन मुख्य रिसेप्टर आहेत, अल्फा आणि बीटा. बीटा सापडला १९९६ मध्ये, म्हणजे मी शिकले तेव्हा पुस्तकात एकच होता. स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी वाढवण्याचं काम मुख्यतः अल्फाचं. सोयातलं जेनिस्टीन हे आयसोफ्लेव्होन बीटाकडे जास्त ओढलं जातं, आणि त्याची पकड आपल्या एस्ट्राडायॉलपेक्षा बरीच सैल असते. त्यामुळे ‘वनस्पतीतलं इस्ट्रोजेन’ म्हणजे हरवलेल्या इस्ट्रोजेनची भरपाई, हे तुमच्या नणंदेचं गणित बसत नाही. हा पदार्थच वेगळा आहे. काही ठिकाणी तो इस्ट्रोजेनसारखा वागतो, काही ठिकाणी त्याची वाट अडवतो, आणि पुष्कळ ठिकाणी काहीच करत नाही.

साखरेचं काय? इटलीत मेटॅबॉलिक सिंड्रोम असलेल्या, पाळी गेलेल्या १२० बायकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. रोज ५४ मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन वर्षभर घेणाऱ्या बायकांची साखर आणि इन्सुलिनला होणारा विरोध, दोन्ही चांगले सुधारले. फक्त एवढंच वाचलं तर कुणीही उठून गोळी घेईल. पण त्याआधी, २०१० मध्ये, हाँगकाँगमधल्या चाचणीचे निकाल आले होते. तिथे १८० बायका होत्या, सगळ्यांची पाळी गेलेली आणि साखर तुमच्यासारखी काठावरची किंवा नुकती वाढलेली. सहा महिने सोयाचं प्रोटीन आणि आयसोफ्लेव्होन देऊनही साखरेच्या नियंत्रणात म्हणावा असा फरक पडला नाही. दोन्ही चाचण्या नीट केलेल्या. पदार्थ वेगळा, मुदत वेगळी, बायका वेगळ्या. अशा वेळी मी माझ्या पेशंटला पहिली चाचणी दाखवून दुसरी लपवू शकत नाही.

कोलेस्टेरॉलची कहाणीही अशीच चढून उतरली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिली, की दिवसाला २५ ग्रॅम सोया प्रोटीन हृदयविकाराचा धोका कमी करू शकतं असं पाकिटावर छापता येईल. २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळा पुरावा पुन्हा तपासला. दिवसाच्या प्रोटीनपैकी जवळपास निम्मं सोयाचं घेतलं तर एलडीएल साधारण ३ टक्क्यांनी उतरतं, आणि वेगळ्या काढलेल्या आयसोफ्लेव्होनने ते उतरत नाही, असं त्यांना आढळलं. २०१७ मध्ये त्या प्रशासनाने स्वतःच ती परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. जो थोडा फायदा दिसतो तो अख्ख्या सोयाबीनचा आहे: त्याचं प्रोटीन, तंतू, चांगली चरबी, आणि ताटात त्याने ज्या जड पदार्थाची जागा घेतली त्या पदार्थाचं नसणं. गोळीत यातलं काहीच नसतं.

माझंही सांगते. माझी पाळी पन्नासाव्या वर्षी गेली. पुढच्या वर्षी साखर १०६, एलडीएल १४६. बाकी काही न बदलता सहा महिने मी रोज दोन कप बिनसाखरेचं सोया दूध घेतलं, कारण मला स्वतः बघायचं होतं. एलडीएल १३९ झालं, साखर १०५. मग आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलायला लागले आणि रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं चालायला. नऊ महिन्यांनी साखर ९६ आणि कंबर पाच सेंटीमीटरने कमी. एका बाईच्या अनुभवावरून नियम होत नाही, पण या बाबतीत मोठा पुरावाही त्याच बाजूला आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात वजन ७ टक्के घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, हे ध्येय दिलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी.

तेव्हा गोळ्या बाजूला ठेवा. सोया आवडत असेल तर जेवणात जरूर असू द्या, दिवसाला एक-दोन वेळा. स्नायूंचा व्यायाम याच आठवड्यात सुरू करा. एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करून घ्या आणि सगळे आकडे तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तुमच्या डॉक्टरांना साखरेचं किंवा कोलेस्टेरॉलचं औषध गरजेचं वाटलं, तर ते घ्यायला कमीपणा मानू नका.

गोळ्या बाजूला ठेवा म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. माझ्याकडे एक ५८ वर्षांची बाई आली होती, पाळी जाऊन सात वर्षांनी रक्त दिसलं म्हणून. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ९ मिलिमीटर, जे या वयात ४ च्या आत असावं. कुठलं औषध चालू आहे का, असं मी तीनदा विचारलं, ती तिन्ही वेळा नाही म्हणाली. उठता उठता म्हणाली, ‘ते सोयाचं घेते, पण ते काही औषध नाही ना.’ दोन वर्षं ती दुप्पट गोळ्या घेत होती. तपासणीत अस्तराची साधी वाढ निघाली, कॅन्सर नव्हता, ती आज ठणठणीत आहे. तिच्या बाबतीत कारण गोळीच होती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत रोज १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन पाच वर्षं घेतलेल्या १५४ बायकांपैकी सहा जणींत अशी वाढ दिसली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत एकीतही नाही. २०१५ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सगळे अभ्यास एकत्र पाहून स्तन, गर्भाशय आणि थायरॉइडवर या गोळ्यांचा अपाय दिसत नाही असं म्हटलं, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. पण त्यांनी पाहिलेले डोस १५० मिलिग्रॅमपर्यंतचे होते, आणि माझ्या पेशंटने स्वतःच्या मनाने डोस दुप्पट केला होता. पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी डॉक्टरांकडे जायचं, आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्यायच्या.

नणंदेवर मात्र रागावू नका. तिने काळजीपोटी आणल्या आहेत. तिला म्हणावं, रोज संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला ये.

प्रश्न: मी आणि माझी बहीण, दोघी एकाच महिन्यापासून सारखंच सोया दूध पितो. तिचं कोलेस्टेरॉल उतरलं, अंगातून येणाऱ्या वाफाही कमी झाल्या. मला काहीच फरक नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर: तुमचं काही चुकत नाही. फरक बहुधा आतड्यांतल्या जिवाणूंचा आहे.

वर मेंढ्यांच्या गोष्टीत ज्याचा उल्लेख आला ते इक्वॉल १९३२ मध्ये पहिल्यांदा गाभण घोडीच्या मूत्रात सापडलं, त्याचं नावही घोड्याच्या लॅटिन नावावरून पडलं. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, ते माणसाच्या मूत्रात आढळलं. सोयातल्या डेडझीन या आयसोफ्लेव्होनपासून काही ठरावीक जिवाणू ते बनवतात, आणि मूळ डेडझीनपेक्षा ते रिसेप्टरला जास्त चांगलं पकडतं. पण हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. पाश्चात्त्य देशांत साधारण चारातल्या एका माणसाच्या शरीरात इक्वॉल तयार होतं, तर जपान, कोरिया, चीनमध्ये निम्म्याहून थोड्या जास्त लोकांत. शाकाहारी लोकांतही हे प्रमाण जास्त आढळलं आहे. सख्ख्या बहिणींत एकीत तयार व्हावं आणि दुसरीत नाही, यात नवल नाही. चाचण्यांचे निकाल उलटसुलट येण्यामागे हे एक मोठं कारण असावं असं मला वाटतं. ज्यांच्यात इक्वॉल होतं आणि ज्यांच्यात होत नाही, अशा बायका एकाच गटात घालून सरासरी काढली, तर एकीचा फायदा दुसरीच्या शून्यात बुडून जातो. तरीही, ज्यांच्या शरीरात ते तयार होतं त्यांना हमखास फायदा होतोच असं काही दिसलेलं नाही.

तुम्ही अलीकडे अँटिबायोटिक घेतली होती का, ते आठवून बघा. त्याने हे जिवाणू काही काळ मागे पडू शकतात. इक्वॉलसाठी वेगळी गोळी मात्र शोधू नका. दूध आवडत असेल तर प्या, चांगलं प्रोटीन आहे. आवडत नसेल तर बहिणीकडे बघून पिऊ नका.

प्रश्न: आम्ही दोन वर्षांपासून स्वयंपाकात सोयाबीनचं तेल वापरतो. मग वेगळं सोया खायची गरज नाही ना?

उत्तर: तेलात आयसोफ्लेव्होन जवळपास नसतातच. ती प्रोटीनच्या भागाबरोबर राहतात आणि तेल गाळताना मागे उरतात. अल्कोहोलने धुऊन काढलेल्या प्रोटीन पावडरमध्येही ती बरीच कमी होतात. अख्खं सोयाबीन, टोफू, सोया दूध यांत असतात: एका वाढपात साधारण २५ मिलिग्रॅम. तेल म्हणून ते तेल ठीक आहे, पण ते तेलच आहे.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. सध्या टॅमॉक्सिफेन चालू आहे आणि त्या औषधाच्या काळातच पाळी गेली. सोयाचा घाससुद्धा विष आहे असं मला सांगण्यात आलंय. कुणाकडे जेवायला गेले की मी घाबरून विचारत बसते. खरं काय?

उत्तर: तुमच्या ताटावर बसलेली ही भीती आधी कमी करू या. उंदरांवरच्या काही प्रयोगांत जेनिस्टीनने गाठी वाढवल्या आणि टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणला, तिथून ही सूचना पसरली. उंदीर जेनिस्टीन वेगळ्या पद्धतीने पचवतात आणि त्यांच्या रक्तात त्याचं सक्रिय रूप माणसापेक्षा खूप जास्त राहतं. बायकांच्या बाबतीत २००९ मध्ये शांघायमधल्या ५,०४२ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बायका जेवणात सोया जास्त खात होत्या त्यांच्यात मृत्यू आणि कॅन्सर उलटण्याचं प्रमाण कमी होतं, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांतही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून सोया हा उपचार ठरत नाही. पण कुणाच्या घरी भाजीत सोया आलं तर घास थुंकायची गरज नाही, एवढं मी निश्चिंतपणे सांगते.

सोया, रेड क्लोव्हर, हॉप्स यांच्या गोळ्या आणि अर्क मात्र तुम्ही घ्यायचे नाहीत. जेवणातलं प्रमाण आणि गोळीतलं प्रमाण, दोन वेगळ्या गोष्टी. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना हे पत्र दाखवा आणि त्यांचं म्हणणं अंतिम धरा, तुमची फाइल त्यांच्यासमोर आहे.

प्रश्न: थायरॉइडची गोळी सकाळी सोया दुधाबरोबर घेतली तर चालेल का?

उत्तर: नाही. सोयामुळे लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमच्या गोळीतलं औषध, आतड्यांत नीट शोषलं जात नाही. माझ्या एका पेशंटचा टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) याच सवयीमुळे २.४ वरून ८ वर गेला आणि ती उगाच डोस वाढवून मागत होती. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि सोया चार तासांनी. सोया सोडायची गरज नाही. रोज साधारण सारख्याच प्रमाणात घ्या, म्हणजे डोस जुळवणं सोपं जातं.

प्रश्न: जवस रोज खाते, एक चमचा पाण्याबरोबर गिळते. सहा महिने झाले. एलडीएल १५२ होतं, आताही १५० आहे. जवसात वनस्पती-इस्ट्रोजेन सगळ्यात जास्त असतं ना?

उत्तर: असतं. वनस्पती-इस्ट्रोजेनच्या लिग्नान नावाच्या गटात जवसाच्या जवळपास दुसरं काही येत नाही. पण गिळलेला अख्खा दाणा जसा आत गेला तसाच बाहेर पडतो, त्याचं कवच फार चिवट असतं. लिग्नान त्या कवचातच असतात. दळल्याशिवाय ते जिवाणूंच्या हाती लागत नाहीत, आणि जिवाणूंनी त्यांचं एंटेरोलॅक्टोन केल्याशिवाय शरीराला त्यांचा उपयोग नाही. तुम्ही सहा महिने नेमाने खाल्लंत आणि दाणा बंदच राहिला, हे वाचून मला वाईट वाटलं.

जवस दळून घ्या, थोडं थोडं, आठवड्यापुरतं. पूड झाकणबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर ती लवकर खवट होते. एका चमच्यापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत दोन मोठ्या चमच्यांपर्यंत जा. पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट जड होतं. इतर औषधं आणि जवस यांत दोन तासांचं अंतर ठेवा. अनेक चाचण्या एकत्र करून २००९ मध्ये झालेल्या एका विश्लेषणात तेल न काढलेल्या जवसाने एलडीएल थोडं उतरतं, आणि पाळी गेलेल्या बायकांत ते जास्त स्पष्ट दिसतं, असं आढळलं. जवसाच्या तेलात हा परिणाम दिसला नाही. ही करामत लिग्नानची किती आणि चिकट तंतूंची किती, ते वेगळं काढता येत नाही, आणि खाणाऱ्या बाईला त्याची गरजही नाही. पण १५० हे एलडीएल फक्त जवसावर सोडू नका. बीपी, साखर आणि घरातला हृदयविकाराचा इतिहास धरून तुमच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: माझी आई ६८ वर्षांची आहे. मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू आहेत. मी कुठेतरी वाचलं, की पाळी गेल्यावर लगेच सोया सुरू केलं तरच रक्तवाहिन्यांना फायदा होतो. मग तिच्यासाठी उशीर झालाय का? मी तिच्यासाठी काय करू?

उत्तर: तुम्ही वाचलेली चाचणी बहुधा २०११ ची ‘विश’ असावी. पाळी गेलेल्या ३५० बायकांना पावणेतीन वर्षं रोज २५ ग्रॅम सोया प्रोटीन किंवा दुसरं प्रोटीन दिलं आणि मानेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी मोजली. सगळ्या मिळून पाहिलं तर ठाम फरक निघाला नाही. पाळी जाऊन पाच वर्षं झाली नव्हती अशा छोट्या गटात जाडी वाढण्याचा वेग बराच कमी दिसला. ही आशादायक खूण आहे, सिद्धता नाही. तेव्हा आईने काहीतरी गमावलं असं मनात धरू नका.

या वयात मला जास्त काळजी स्नायूंची वाटते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त स्नायूच उचलतात, आणि साठीनंतर ते झरझर ओसरतात. त्यामुळे तिला प्रत्येक जेवणात प्रोटीन मिळतंय का ते बघा. ते सोयाचं असलं तरी उत्तम, मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. व्यायाम वाढला की साखर खाली येईल, म्हणून सुरुवातीला साखर जास्त वेळा तपासा. चक्कर, घाम, थरथर वाटली तर गोळ्यांचा डोस बदलावा लागेल.

आणि एक भक्कम, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी पाच वेळा जमलं तरी पुष्कळ. तुम्ही शेजारी उभे राहा आणि मोठ्याने मोजा.